बूस्ट वाढवलं की इंजिन ऑइल का फेकतं? ‘कॅच कॅन’ नेमका कशासाठी असतो?

टर्बोचं बूस्ट वाढवलं, डायनोवर आकडाही जोरदार आला. ट्रॅकवर मात्र दोन-तीन लॅपमध्येच सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला. बॉनेट उघडलं तर सगळीकडे ऑइल आणि डिपस्टिक जागेवरून वर सरकलेली. अशा वेळी ‘टर्बो गेला’ असं ठरवून नवा टर्बो बसवला जातो आणि काही दिवसांत तोही धूर सोडू लागतो. कारण अनेकदा दोष टर्बोचा नसतोच. इंजिनच्या पोटात साठलेल्या वायूला बाहेर पडायला पुरेशी वाट मिळालेली नसते.

पिस्टनभोवतीच्या रिंग कितीही घट्ट असल्या तरी स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात आणि चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढून ते तपासतात. या वायूत न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि ऑइलचे बारीक थेंब असतात.

पूर्वी तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडला जाई. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे 1961 मध्ये कॅलिफोर्नियाने यावर पहिलं बंधन आणलं आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह रुळला. हा व्हॉल्व्ह इंजिनच्याच ओढीने वायू पुन्हा सिलिंडरमध्ये नेऊन जाळतो.

साध्या गाडीत हे छान चालतं. टर्बो गाडीत गंमत अशी की, बूस्ट आलं की इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ उरत नाही, उलट दाब येतो. तेव्हा पीसीव्ही बंद होतो आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो. कंपनीने ही नळी मूळ पॉवरच्या हिशेबाने दिलेली असते. बूस्ट वाढलं की ब्लो-बायही वाढतो. त्यात फोर्ज्ड पिस्टन टाकले तर ते तापल्यावर जास्त फुगतात म्हणून फट मोठी ठेवावी लागते. रिंगचा गॅपही वाढवावा लागतो. नळी मात्र तेवढीच राहते!

मग दाब सर्वांत कमजोर जागा शोधतो. ऑइल सील गळतात, डिपस्टिक वर येते. टर्बोमधलं ऑइल फक्त उताराने खाली येतं. खालीच दाब असेल तर ते अडतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडून जळतं. निळा धूर तो हाच. हेच ऑइल लालबुंद एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते. इनटेकमध्ये गेलेलं ऑइल इंधनाची नॉक रोखण्याची ताकद कमी करतं, आणि जास्त बूस्टवर नॉकिंग म्हणजे पिस्टन फुटण्याची भीती.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे निसान स्कायलाइन जीटी-आरचं आरबी26 इंजिन. ‘2 फास्ट 2 फ्युरियस’मधली पॉल वॉकरची आर34 आठवते ना, तीच. या इंजिनात जास्त आरपीएमवर ऑइल वर हेडमध्ये भरपूर जातं, पण ते ज्या भोकांतून खाली यायचं त्याच भोकांतून ब्लो-बाय वर येत असतो. दोघांची एकाच जिन्यात धक्काबुक्की! ऑइल वरच साठतं आणि ब्रीदरमधून बाहेर येतं. म्हणून ट्यूनर हेडकडे जाणाऱ्या ऑइलवर रिस्ट्रिक्टर लावतात, हेडच्या मागून संपपर्यंत वेगळी ड्रेन लाइन टाकतात आणि त्यानंतर कॅच कॅन बसवतात.

कॅच कॅन म्हणजे वायूतलं ऑइल वेगळं करणारा डबा. आत जाळी किंवा आडवे पडदे असले तरच थेंब तिथे अडकतात. ऑनलाइन मिळणारे बरेच चकचकीत डबे आतून रिकामे असतात. त्यात वायू आला तसा ऑइलसकट निघून जातो. बारीक नळ्यांचा डबा लावला तर दाब आणखी वाढतो. मोठ्या पॉवरला साधारण 16 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळ्या, त्याही एकापेक्षा जास्त लागतात. डबा टर्बोपासून दूर, थंड जागी हवा.

डब्यातून निघालेला वायू हवेत सोडावा की परत इनटेकमध्ये? रेसिंगमध्ये उघडा डबा चालतो. एफआयएच्या नियमांत त्यासाठी 2000 सीसीपर्यंत किमान 2 लिटर आणि त्यापुढे 3 लिटरचा डबा सांगितला आहे. रस्त्यावरच्या गाडीला मात्र बंद प्रणालीच योग्य. भारत स्टेजच्या नियमांत पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधला वायू बाहेर सोडायला परवानगी नाही, शिवाय केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच.

डबा वेळोवेळी रिकामा करावा लागतो. त्यात दुधाळ कॉफीसारखा द्रव दिसला की अनेकांना हेड गॅस्केट गेल्याची धास्ती वाटते. कूलंट कमी होत नसेल तर ती बहुधा थंडीत, कमी अंतराच्या फेऱ्यांत साठलेली वाफ असते. पण डबा एकाच ट्रॅक सेशनमध्ये भरत असेल तर त्याहून मोठा डबा घेण्याआधी लीक-डाउन टेस्ट करून रिंग तपासाव्यात.