वॉल्व्ह आणि स्प्रिंग घेताना घाई नको

मोटारसायकल व मोटार दुरुस्तीच्या धंद्यात, तसेच सुट्या भागांच्या व्यापारात आपले अनेक बांधव आहेत. इंजिनाची ताकद वाढवून मागणारी गिऱ्हाइके त्यांच्याकडे येतात. त्यांच्यासाठी कॅम व सायलेन्सर चांगल्या प्रतीचे आणले जातात. वॉल्व्ह, स्प्रिंग आणि गाइड मात्र मिळतील ते बसवले जातात. नुकसान येथूनच सुरू होते, म्हणून आज या भागांची निवड समजून घेऊ.

प्रथम हिशोब पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एक फेरी होते. क्रँक मिनिटाला 9,000 फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 75 वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला उघडतो कॅम, पण मिटवते स्प्रिंग. ती कमी पडली की वॉल्व्ह वेळेवर बसत नाही आणि ताकद घटते. पिस्टन त्याच्यावर आदळला, तर सगळे इंजिनच हातचे जाते.

मग सर्वांत कडक स्प्रिंग घ्यावी काय? नाही. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅम व रॉकर लवकर झिजवते. कॅमच्या निर्मात्याने सांगितलेल्या दाबाचीच स्प्रिंग घ्यावी व टेस्टरवर तपासावी. मोकळी उंची मोजावी, गुण्या लावून ती सरळ उभी राहते का पाहावे. वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. निर्मात्याने वेगळे माप दिले नसेल, तर एकूण सुमारे 1.5 मि.मी. दाबास जागा उरावी.

इनलेट वॉल्व्ह आत येणाऱ्या ताज्या हवेने थंड होतो. एक्झॉस्ट वॉल्व्ह मात्र जळत्या वायूत राहतो. त्याची उष्णता सीट व गाइडमधूनच बाहेर पडते. म्हणून त्यासाठी 21-4एन सारखे उष्णता सोसणारे पोलाद वापरतात. अशा वॉल्व्हच्या डोक्याला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला तर माल या पोलादाचा नाही. पण न चिकटणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. साधे स्टेनलेसही चिकटत नाही. टायटॅनियमचे वॉल्व्ह हलके असतात, पण महाग. रोजच्या गाडीला त्यांची गरज नाही.

गाइड सैल असेल तर उत्तम वॉल्व्हही सीटवर नीट बसत नाही. म्हणून दोन्हींची मापे एकत्र घ्यावीत. कॉटर आणि रिटेनर एकमेकांच्या जोडीचेच असावेत.

जास्त उचल देणारा कॅम बसवताना पिस्टनवर मळलेली माती ठेवून, हेड कसून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा. मातीच्या ठशावरून वॉल्व्ह व पिस्टनमधले अंतर कळते. इंजिन बांधण्याआधी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून सीट गळते का तेही पाहावे.

दुकानदार बंधूंनी खोक्यावरच्या छापापेक्षा माल कोठून आला हे पाहावे आणि पक्की पावती घ्यावी. स्वस्त स्प्रिंगमध्ये चार पैसे वाचतात, पण भर वेगात इंजिन अडकले तर गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात येतो. आपल्या कामाचे नावही त्याच्याबरोबर जाते.