कोळी ओळखावा कसा?

‘कोळी’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या प्राण्यांस लावतों, आणि शेतकऱ्याचें नुकसान पुष्कळदां येथूनच सुरू होतें. भेंडी-वांग्याच्या पानांखालीं रस शोषणारा लाल कोळी हा पिकाचा शत्रु. उलट तुडतुडे, पतंग व अळ्या मारून खाणारा खरा कोळी हा मित्र. पाय दोघांसही आठ, आणि धागाही दोघे काढतात. म्हणून फवारणीपूर्वीं भिंगानें परीक्षा करावी, अशी आमची सूचना आहे.

लाल कोळी सुमारें अर्धा मिलिमीटर लांब. त्याचें अंग एकसंध असतें. खऱ्या कोळ्याच्या अंगाचे दोन स्पष्ट भाग असून मध्यें बारीक कंबर असते. त्याचीं पिलेंही लहानच असतात, यास्तव आकारापेक्षां कंबर पाहावी.

खऱ्या कोळ्यांचें कुळ डोळ्यांच्या मांडणीवरून ओळखतां येतें. बहुतेकांस आठ डोळे असतात. भातखाचरांतील लांडगा-कोळ्यास खालीं चार लहान, त्यांवर दोन मोठे व मागें आणखी दोन डोळे असतात. त्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोंकास लावून हिंडते व पिलें पाठीवर वाहते. उडी मारणाऱ्या कोळ्याचे समोरील मधले दोन डोळे सर्वांत मोठे. खेकडा-कोळ्याचे पुढील चार पाय लांब असून तो आडवा चालतो.

छायाचित्र घेणें झाल्यास तीन घ्यावीं : वरून, समोरून व पोटाच्या बाजूनें. शेजारीं मोजपट्टी ठेवून पीक, गांव व तारीख लिहावी. तथापि छायाचित्रावरून बहुधा कुळच कळतें. रंग एकाच जातींतही बदलतो, त्यावर भिस्त ठेवूं नये. नेमकी जात ठरविण्यास बहुधा पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादांचे फुगीर शेंडे, किंवा मादीच्या पोटाखालील जननपट्टिका सूक्ष्मदर्शकानें तपासावी लागते. पिलांत हे अवयव पूर्ण बनलेले नसतात.

शेतकऱ्यास जातीचें नांव कळलेंच पाहिजे असें नाहीं. कंबर आहे कीं नाहीं, एवढें कळलें तरी मोठें काम होतें. सरसकट मारक औषधानें भातांतील कोळी मेले, कीं तपकिरी तुडतुड्यांस मोकळें रान मिळतें. मग औषधाचा खर्च होऊनही पीक हातचें जातें.