गिटारचा बफर आणि एकतारीचा आवाज

विद्युत गिटार वाजवणारे आपल्या वाद्याचा आवाज मुद्दाम बिघडवून घेतात, हे ऐकून आपल्याकडच्या संगीत शिक्षकांना नवल वाटेल. या प्रथेचा उगमही एका बिघाडातलाच. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे 1961 साली प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला आणि गिटारचा स्वर फाटका, गुरगुरता उमटला. तो लोकांना आवडला! 1962 साली असा आवाज काढणारी 'फझ-टोन' नावाची डबी विकायला आली. पायाने दाबायच्या अशा डब्यांना आज डिस्टॉर्शन पेडल म्हणतात.

पेडलमध्ये गिटारचा संदेश वाढवला जातो आणि मग दोन डायोड त्याचे शेंडे सुमारे 0.6 व्होल्टवर छाटतात. छाटलेल्या तरंगात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट वारंवारतेचे नवे स्वर मिसळतात. मात्र बऱ्याच पेडलांत या छाटणीच्या आधी 'बफर' नावाचा एक टप्पा असतो. जेवढे विभवांतर आत आले, जवळजवळ तेवढेच तो बाहेर देतो. आवाज बिघडवायचाच आहे, तर आधी तो इतका जपायचा कशाला?

उत्तर गिटारच्या पिकअपमध्ये आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार कंप पावली की फॅरडेच्या नियमानुसार त्यांत विभवांतर निर्माण होते. या वेटोळ्याचा रोध 7 किलोओहम आणि प्रवर्तकता 2.5 हेन्री धरू. प्रवर्तकतेमुळे होणारा अडथळा वारंवारतेबरोबर वाढतो. सर्वांत जाड तारेच्या 82 हर्ट्झला तो सुमारे 1300 ओहम भरतो, तर 4000 हर्ट्झला 63 हजार.

आता हे वेटोळे 10 किलोओहमच्या मंडलाला जोडा. रोध आणि प्रवर्तकी अडथळा यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी करायची, हे बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. हिशेब केला तर जाड तारेचे 59 टक्के विभवांतर पुढे पोचते, 4000 हर्ट्झचे अवघे 15 टक्के. म्हणजे स्वराची धार वाटेतच बोथट झाली. पुढचे डायोड नवे स्वर निर्माण करतील, पण ते उरलेल्या संदेशातून. गेलेला परत येत नाही. त्याच जागी 10 लाख ओहम असतील तर दोन्ही 99 टक्के पोचतात. (केबलची धारिता मी येथे सोडली आहे. ती धरली की वरच्या स्वरांत अनुनाद येतो आणि आकडे बदलतात, मुद्दा बदलत नाही.)

बफरचे मंडल अगदी छोटे असते. नेहमीच्या एका रचनेत 9 व्होल्टच्या बॅटरीतून मिळवलेले 4.5 व्होल्ट 470 किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला दिलेले असतात, कलेक्टर थेट 9 व्होल्टला आणि एमिटरखाली 10 किलोओहम. ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी 300 असेल, तर बेसकडून पाहता हे 10 किलोओहम 30 लाखांसारखे भासतात. समांतर जोडलेले 470 किलोओहम धरून गिटारला सुमारे 4 लाख ओहम दिसतात. बाहेरच्या बाजूने मात्र काहीशे ओहमच.

पेडल मुके झाले तर तपासणी येथून सुरू करावी. एमिटरवर साधारण 3.4 व्होल्ट हवेत. जवळजवळ शून्य आले आणि 4.5 व्होल्टचा पुरवठा जागेवर असेल, तर ट्रान्झिस्टर आतून तुटला असावा. 9 आले तर कलेक्टर व एमिटर एकमेकांना चिकटले. विभवांतर बरोबर आणि तरी आवाज नाही, तर इनपुटचा कंडेन्सर किंवा जॅक पाहावा. उमरीसारख्या गावातही रेडिओ दुरुस्त केलेल्या हाताला हे काम अवघड नाही, आणि ट्रान्झिस्टर काही रुपयांचा असतो. त्यापायी अख्खे पेडल टाकून देणे मला पटत नाही.

एक गंमत सांगतो. बेसवर सुमारे 4 व्होल्ट असतात, पण काट्याचा जुना मल्टिमीटर (20 किलोओहम प्रतिव्होल्ट, 10 व्होल्टचा पट्टा) तेथे लावला तर तो दीड व्होल्टही दाखवत नाही. मंडल ठीकच असते. मीटरचा स्वतःचा रोध 200 किलोओहम, तो 470 किलोओहममधून आलेले विभवांतर खाली ओढतो. कमी रोधाचे पेडल गिटारचे जे करते, तेच मीटर बेसचे करतो. भाराचा परिणाम शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण मला सुचलेले नाही.

सुधारणा करायची तर ट्रान्झिस्टरऐवजी एफईटी घ्यावा. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला बीएफडब्ल्यू 11 चालतो. त्याचा गेट 4.5 व्होल्टला न जोडता 1 मेगओहममधून जमिनीला जोडावा, ड्रेन 9 व्होल्टला, सोर्सखाली 10 किलोओहम; चौथा पाय डब्याचा, तोही जमिनीला. सोर्सचे विभवांतर आपोआप काही व्होल्ट वर राहते. सोर्सवरून संदेश घेताना 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मध्ये घालावा. प्रत्येक ठिकाणी बफर हवाच, असे मात्र नाही. 1966 च्या 'फझ फेस'सारख्या पेडलांत कमी रोधाचा भार हाच आवाजाचा भाग आहे. त्यांच्या आधी बफर घातला तर वादक नाराज होतात.

उमरीच्या शाळेत गिटार नसेल, पण भजनी मंडळाची एकतारी मिळेल. जुन्या गजराच्या घड्याळातली पितळी पिझो चकती भोपळ्याला चिकटवा. तिची धारिता सुमारे 20 नॅनोफॅरड असते. ती थेट 10 किलोओहमच्या ध्वनिवर्धकाला जोडली तर 800 हर्ट्झखालचे स्वर घटत जातात. 150 हर्ट्झचा स्वर 18 टक्केच उरतो आणि एकतारी पत्र्यासारखी वाजते. गिटारचे वरचे स्वर हरवले होते, येथे खालचे! मध्ये हाच एफईटीचा बफर घातला की ही मर्यादा 8 हर्ट्झवर उतरते. तार आच्छादित घ्यावी, नाही तर 50 हर्ट्झची घरघर शिरेल. चकतीवर टिचकी मारू नये, तिच्यातून बरेच व्होल्ट निघतात; गेटच्या आधी 10 किलोओहमचा रोधक घातलेला बरा.