टेकायला जागा

दादरच्या शिवाजी पार्काची हद्द म्हणजे एक ठेंगणा कट्टा. जवळपास १.२ किलोमीटरची सलग फेरी, तीही कुणालाही टेकता येईल अशी. या वस्तीत ओळखी कशा जुळतात, ते सकाळी या कट्ट्यालगत दिसतं.

फेऱ्या मारणारे दोन्ही दिशांनी चालतात. त्यामुळे उलट्या दिशेने येणारा माणूस दर फेरीत पुन्हा समोर येतो. आधी नुसती नजरानजर, मग मान हलते, मग कधीतरी ‘काय, आज उशीर?’ आणि दोघं कट्ट्यावर टेकतात. बाकावर तिघं बसले की चौथा उभाच राहतो. इथे ‘जरा सरकता का?’ एवढ्यावर भागतं. शिवाय तोंड मैदानाकडे करा नाहीतर रस्त्याकडे. बोलायचं नसेल तर पाठ फिरवून बसता येतं, आणि बोलायचं असेल तर समोर नेटमध्ये कुणीतरी खेळत असतंच. पोरांची किट सांभाळत बसलेले पालक असेच एकमेकांच्या ओळखीचे होतात. रोज येणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर त्यांची चौकशी याच कट्ट्यावर होते.

हे मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क नाव मिळालं. भोवतालच्या कितीतरी इमारती त्यानंतरच्या दशकांत उभ्या राहिल्या.

सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून माणसं कुठे थांबतात ते तपासलं. निष्कर्ष साधा होता: जिथे बसायला जागा, तिथे माणसं बसतात. एक ते तीन फूट उंचीची कड त्यांना पुरते. दोन्ही बाजूंनी बसता येईल इतकी ती रुंद असावी, असंही व्हाइट यांचं म्हणणं. अनोळखी दोघांना बोलतं करायला बघण्याजोगं तिसरं काहीतरी लागतं, हेही त्यांनीच दाखवलं. शिवाजी पार्कात ते काम क्रिकेट करतं.

आपल्याकडच्या नव्या उद्यानांत मात्र पाय ठेवायला बंदी असलेली हिरवळ असते, सेल्फी पॉइंट असतो आणि मोजून चार बाकं. अनेक ठिकाणी दुपारी फाटकाला कुलूप. घरकाम करणाऱ्या बायकांना दोन घरांमधल्या वेळेत किंवा डिलिव्हरीच्या मुलांना घटकाभर टेकायचं असतं, ते नेमकं तेव्हाच. न्यूयॉर्कने १९७५ साली नियमच केला, की चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक हवी. आपल्या पालिकांनीही उद्यानाच्या आराखड्यात हिरवळीच्या क्षेत्रफळाशेजारी बसायच्या कडेची लांबी लिहायला हवी.