चुंबकाचा धाक, तारेचा धाक

जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढा आणि फोनवर चुंबकीय क्षेत्र मोजणारं ॲप उघडा. कल्याणजवळच्या ठाकुर्लीत, लोखंडी सामानापासून लांब उभं राहिलात, तर आकडा चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसतो. ते पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र. आता चुंबक लांबून हळूहळू जवळ आणा. बराच वेळ आकडा ढिम्म हलत नाही आणि शेवटच्या काही सेंटिमीटरांत शेकड्यांच्या घरात उडी मारतो. (फार जवळ नेऊ नका, फोनचं होकायंत्र बिथरतं. मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून त्याला ताळ्यावर आणावं लागतं.)

चुंबकाचा धाक इतका झटकन का संपतो? कारण त्याला ध्रुव दोन असतात. लांबून पाहिलं तर दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर, आणि एकाचं केलेलं दुसरा पुसतो. उरतो तो थोडासा फरक, आणि तो अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरतो. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठवा हिस्सा, दहापट केलं की हजारावा. अगदी जवळ हा हिशेब चालत नाही. तिथे समोरच्या एकाच ध्रुवाचं राज्य. दिशेनेही फरक पडतो. पुरेसं लांब गेल्यावर, सारख्याच अंतरावर ध्रुवासमोरचं क्षेत्र चुंबकाच्या कमरेसमोरच्या क्षेत्राच्या दुप्पट भरतं. गंमत म्हणजे कुठेतरी अशीही जागा सापडते, जिथे चुंबक आणि पृथ्वी एकमेकांना बरोब्बर रद्द करतात आणि होकायंत्राच्या सुईला कुठे वळावं ते कळेनासं होतं.

वीज वाहणाऱ्या लांब सरळ तारेला मात्र ध्रुवच नाहीत. अंतर दुप्पट केलं तर तिचं क्षेत्र फक्त निम्मं होतं. तारेचा धाक लांबवर पोचतो तो यामुळे, आणि इथे ठाकुर्लीचा संबंध येतो. रेल्वेचं कोळशावरचं जुनं पॉवर हाऊस इथलंच. त्याची वीज उपकेंद्रांत एकदिश होऊन 1500 व्होल्टने लोकलच्या डोक्यावरच्या तारेत जायची. समजा तारेत हजार अँपिअर वाहताहेत. पाच मीटरवर तिचं क्षेत्र 40 मायक्रोटेस्ला, म्हणजे जवळजवळ पृथ्वीइतकं! सव्वाशे मीटरवरही 1.6 मायक्रोटेस्ला उरतं.

हा 1.6 आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं आडवं क्षेत्र साधारण तेवढंच घसरलं होतं, आणि नोंदवल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांत ती नोंद गणली जाते. सूर्याने जे केलं, ते एकटी तार सव्वाशे मीटरवरून करते. परतीची वीज रुळांतून उलट वाहते म्हणून बराचसा परिणाम पुसला जातो खरा, पण काही वीज जमिनीत झिरपते आणि पुसणं अर्धवट राहतं.

म्हणूनच मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या उपकरणांचं काही खरं नव्हतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवं ठाणं खाडीपलीकडे अलिबागला उभारलं, तेही लोखंड टाळून. 1904 पासून दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या नोंदींना नव्या जोडता याव्यात. 1907 मध्ये ट्राम धावू लागली तेव्हा 1841 पासूनची मालिका सुखरूप होती. मला या सगळ्यात ती दोन वर्षांची समांतर मोजणी सर्वांत थोर वाटते.

2015 पर्यंत मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या लोकल 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर गेल्या. तेवढ्याच शक्तीला आता सतराव्या हिश्श्याइतकी धारा पुरते, आणि ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. सुई वळायला निघेपर्यंत क्षेत्र उलटलेलं असतं.