युनिमॉग : शेतासाठी घडलेला ट्रक

युनिमॉग हे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारे जर्मन बहुउपयोगी वाहन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अन्नटंचाई तीव्र होती आणि शेतीला यंत्रांची निकड होती. ट्रॅक्टर शेतात चाले, पण रस्त्यावर रेंगाळे. ट्रक रस्त्यावर धावे, पण नांगरटीत रुते. दोघांची कामे करणाऱ्या वाहनाचा आराखडा अभियंता आल्बर्ट फ्रीडरिश यांनी १९४५ मध्ये मांडला. त्यापूर्वी ते डाइमलर-बेंझमध्ये विमानांच्या इंजिनांच्या विकासाचे काम पाहत.

१९४६ मध्ये पहिला नमुना धावला आणि १९४८ मध्ये गॉपिंगेनच्या बोरिंगर कारखान्यात उत्पादन सुरू झाले. डिझेल इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते, तरी वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत जाई. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १.२७ मीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींमधल्या अंतराच्या दुप्पट ठेवले होते. त्यामुळे चाके पिकावरून न जाता सऱ्यांमधून जात. चारही चाके सारख्या आकाराची होती, मागे माल ठेवायला जागा होती आणि इंजिनाच्या ताकदीवर शेतीची अवजारे पुढे व मागे जोडून चालवता येत.

या वाहनाचे खरे बळ पोर्टल ॲक्सलमध्ये आहे. नेहमीच्या गाडीत ॲक्सल चाकाच्या मध्याच्या रेषेत असतो. युनिमॉगमध्ये तो त्याहून वर असतो आणि चाकाजवळच्या गियरमार्फत ताकद खाली पोहोचते. त्यामुळे गाडीचा पोटाकडचा भाग उंच राहतो आणि दगड, खड्डे, पाणी सहज पार होतात. कॉइल स्प्रिंगमुळे प्रत्येक चाक खाचखळग्यांप्रमाणे वर-खाली होते. एक चाक निसरड्या जागी नुसतेच फिरू लागले, तर डिफरन्शियल लॉक लावून दुसऱ्या चाकालाही जोर देता येतो.

१९५१ मध्ये डाइमलर-बेंझने उत्पादन हाती घेऊन ते गागेनाऊ येथे नेले. १९५५ मध्ये आलेले पेट्रोलवरचे ४०४ हे मॉडेल मुख्यतः सैन्यांसाठी होते. अशी ६४ हजारांहून अधिक वाहने तयार झाली. १९६३ च्या ४०६ मॉडेलमध्ये ६५ अश्वशक्तीचे मोठे डिझेल इंजिन आले. अवजारे बदलून तेच वाहन बर्फ हटवू लागले, रस्त्याकडेचे गवत कापू लागले, आग विझवायला जाऊ लागले.

२००२ पासून युनिमॉग व्यॉर्ट येथे तयार होतो. इंजिने आणि केबिन पार बदलल्या. पोर्टल ॲक्सल, चारही चाकांची ताकद आणि अवजारे जोडण्याची सोय मात्र कायम राहिली. कामाची गरज नीट ओळखून केलेली मूळ रचना किती काळ टिकू शकते, याचे युनिमॉग हे ठळक उदाहरण आहे.