रेंज आहे, पण पोस्ट जात नाही

लेखमाला : हातातला मोबाइल (भाग ९)

मोखाडा तालुक्यात बोहाड्याची रात्र म्हणजे संबळाचा आवाज, टेंभ्यांचा उजेड आणि देवादिकांचे मुखवटे लावून नाचणारी सोंगं. आता त्या उजेडात मोबाइल धरलेले हातही दिसतात. भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेल्या घरच्यांना गावचं सोंग बघता यावं, म्हणून पोरं व्हिडिओ काढतात आणि तिथूनच टाकायला बघतात. स्क्रीनवर गोल फिरत राहतो आणि थोड्या वेळाने ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. मग पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. सकाळी बघावं तर एकच व्हिडिओ तीनदा पडलेला, नाहीतर एकदाही नाही.

गेल्या भागात आपण पासवर्ड आणि खात्याची सुरक्षा पाहिली. आज न गेलेल्या पोस्टबद्दल. पोस्ट चार ठिकाणी अडू शकते: फोनमध्ये, फोन आणि टॉवरच्या मध्ये, खात्याची ओळख पटवताना, किंवा कंपनीकडे, म्हणजे तिच्या नियमात नाहीतर यंत्रणेत. चारही ठिकाणचे उपाय वेगवेगळे आहेत. कुठे अडली हे न बघता बटण दाबत राहिलं तर डेटा जातो, बॅटरी जाते आणि कधीकधी खातंही अडकतं.

म्हणून आधी साधी परीक्षा करायची. फोटो-व्हिडिओ बाजूला ठेवून एका ओळीचा नुसता मजकूर टाकून बघा. मजकूर गेला आणि व्हिडिओ गेला नाही, तर खातं ठीक आहे, अडचण नेटची किंवा फाइलची. मजकूरही जात नाही, पण दुसऱ्या ॲपवर सगळं चालतंय, तर अडचण खात्याची किंवा कंपनीकडची. कुठलंच ॲप हलत नसेल तर फोन किंवा नेट बघायचं. याला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि अर्धं कोडं सुटतं.

आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या ठिकाणी होतो, म्हणून तिथे जरा थांबू. ‘रेंज तर फुल आहे, मग जात का नाही?’ हा प्रश्न जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत ऐकू येतो. फोनवरच्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो. फोनचा आवाज टॉवरला किती ऐकू जातो, हे त्या दांड्या सांगत नाहीत. टॉवरची ताकद दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त असते, आणि ४जी फोनची जास्तीत जास्त ०.२ वॅट. टॉवर ओरडून बोलतो, फोन कुजबुजतो. मधे डोंगराची सोंड किंवा दरीची कड आली की ओरडणं पोचतं आणि कुजबुज विरून जाते. त्यामुळे त्याच जागी बसून दुसऱ्याचा व्हिडिओ छान बघता येतो, पण स्वतःचा पाठवता येत नाही. त्यात बऱ्याच ४जी-५जी जाळ्यांवर वेळेचे तुकडे पाडलेले असतात आणि त्यातले बहुतेक तुकडे खाली येणाऱ्या माहितीला दिलेले असतात. ही रचना बघणाऱ्यांच्या सोयीची आहे. सांगणाऱ्याच्या वाट्याला अरुंद रस्ता येतो.

आता हिशेब करू. एका मिनिटाचा फुल एचडी व्हिडिओ साधारण १३० एमबीचा होतो. वर जाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट असेल, तर तो पोचायला ३५ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ नेट एकदाही तुटता कामा नये. तोच व्हिडिओ ७२० पिक्सेलवर दाबून १५ एमबीचा केला तर ४ मिनिटांत जातो. ४ एमबीच्या फोटोला एक मिनिट लागतं, ३०० केबीच्या फोटोला पाच सेकंद. सोंगाचे रंग मोबाइलच्या पडद्यावर मोठ्या आणि दाबलेल्या अशा दोन्ही फाइलींत जवळपास सारखेच दिसतात. म्हणून शूटिंग करण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ७२० निवडा, आणि पाच मिनिटांच्या सलग व्हिडिओऐवजी चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे करा. एक तुकडा पडला तरी बाकीचे पोचतात.

जागेचाही विचार करा. घराच्या कौलाखाली, खाली दरीत, एसटीत बसून प्रयत्न करू नका. चालत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो आणि मोठी फाइल मधेच तुटते. टॉवर ज्या दिशेला आहे ती बाजू मोकळी असलेल्या उंचवट्यावर उभे राहा. कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या, लांब जातात आणि डोंगराच्या आडोशालाही थोड्याफार पोचतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी तिथे लवकर हात टेकतात. बीएसएनएलची ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, पण जुन्या फोनना ७०० चा पट्टा ओळखता येत नाही. नवा फोन घेताना दुकानदाराला ‘बँड २८ (म्हणजे ७०० चा पट्टा) आहे का’ असं जरूर विचारा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. मोबाइल आणि टॉवर यांच्यातल्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. पण डोंगरावरचे अनेक टॉवर पुढच्या टॉवरला मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडलेले असतात, आणि जोरदार सरींत तो दुवा कमजोर होतो. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि काही तासांनी तोही बसतो. दांड्या पूर्ण असून नेट शून्य असेल तर बहुधा टॉवरच्या पाठीमागचा हा दुवा तुटलेला असतो. अशा वेळी फोन चालू-बंद करून काही होत नाही, वाट बघावी लागते. मजकूर आधी नोट्समध्ये लिहून ठेवला असेल तर निदान तो तरी वाया जात नाही.

फोनमधली कारणं लवकर आटपतात. मेमरी भरली असेल तर ॲपला व्हिडिओ दाबायलाही जागा उरत नाही. बॅटरी सेव्हर किंवा डेटा सेव्हर चालू असेल तर स्क्रीन बंद झाली की अपलोड थांबतो. तेवढ्यापुरते ते बंद करा आणि पोस्ट जाईपर्यंत ॲप उघडं ठेवा. फोन बरेच दिवस बंद राहून तारीख-वेळ चुकली असेल तर सुरक्षित जोडणीच होत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवला की हे सुटतं.

खात्याची अडचण वेगळी, आणि तिच्यात माणसांची गोष्ट गुंतलेली आहे. दिवाळीनंतर कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, रिचार्ज राहून जातो. ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. पावसाच्या तोंडाला माणूस गावी परततो, ॲप ओटीपी मागतं आणि तो ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. यावर उपाय आधीच करायचा असतो: खात्याला ईमेलही जोडून ठेवा, रिकव्हरी कोड वहीत लिहून ठेवा, आणि बाहेरगावी जाताना छोटा का होईना, रिचार्ज चालू ठेवा.

बचत गटाच्या नाचणीच्या पापडांचं किंवा मोगऱ्याच्या बागेचं पेज बहुतेक वेळा एखाद्या शिकलेल्या पोराने उघडून दिलेलं असतं. तो नोकरीला गेला की पेजची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. पेजला दोन-तीन ॲडमिन हवेत, त्यातली एक तरी गटातली ताई हवी. काही संस्था एकाच जागेवरून फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे पोस्ट टाकणारी ॲप वापरतात. तिथे पोस्ट अडली की पहिला संशय परवानगीवर घ्या. अशा ॲपला फेसबुकने दिलेली परवानगी साधारण ६० दिवसांनी संपू शकते, आणि पासवर्ड बदलला की लगेच संपते. खातं तोडून पुन्हा जोडायचं, की झालं. इन्स्टाग्रामचं खातं साधं असेल तर बाहेरच्या ॲपवरून पोस्ट जात नाही, ते व्यावसायिक करून घ्यावं लागतं. फोटोही जेपीईजी लागतो. फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर बाहेरच्या ॲपने पोस्ट टाकणं २०१८ च्या ऑगस्टपासून बंद आहे, आणि ग्रुपमध्ये टाकणं २०२४ च्या एप्रिलपासून. तिथे हातानेच टाकावं लागतं. मात्र हाताने टाकताना एकच जाहिरात पाठोपाठ वीस ग्रुपमध्ये चिकटवू नका. यंत्र तुम्हाला स्पॅमवाला समजतं आणि काही काळ पोस्ट करणंच रोखतं. असं झालं तर एक-दोन दिवस शांत बसा, तेवढ्यात पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर बंदी लांबते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. एक्सवर साध्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे आणि आपल्या काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. ‘जव्हार’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, यंत्राला सहा. त्यामुळे मजकूर छोटा वाटत असूनही बटण दबत नाही. इन्स्टाग्रामवर २२०० ची मोकळीक आहे, तिथे हा प्रश्न क्वचितच येतो.

आता नियमांकडे येऊ. इथे मला थोडं मन मोकळं करायचं आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीची बालमृत्यूंची बातमी वर्तमानपत्रांनी छापली तेव्हा कुठे महाराष्ट्राने जव्हारच्या कुपोषणाकडे पाहिलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीच्या एका मातेला रस्ता नसल्यामुळे झोळीतून न्यावं लागलं आणि तिची जुळी बाळं वाचली नाहीत. त्या चिखलवाटेचं चित्रण राज्यभर पोचलं ते मोबाइलमुळे. इथली पोस्ट अडणं म्हणजे केवळ लाइक हुकणं नव्हे. म्हणूनच कार्यकर्ते कुपोषित बाळांचे उघड्या अंगाचे फोटो तळमळीने टाकतात, आणि कंपनीचं यंत्र ते बालनग्नतेच्या नियमाखाली काढून टाकतं. यंत्राला संदर्भ कळत नाही. व्हिएतनाम युद्धातल्या नापाम हल्ल्यातून पळणाऱ्या मुलीचा १९७२ चा जगप्रसिद्ध फोटोसुद्धा फेसबुकने २०१६ मध्ये काढून टाकला होता. नॉर्वेच्या ‘आफ्टेनपोस्टन’ या वृत्तपत्राने जाहीर विरोध केला, जगभर ओरड झाली, तेव्हा तो परत आला. तुमचीही पोस्ट अशी निघाली तर ‘फेरविचार करा’ हा पर्याय वापरा आणि कारण स्पष्ट लिहा.

पण माझं मत याहून पुढचं आहे. बाळाचा चेहरा आणि उघडं अंग दाखवूच नये. ते बाळ उद्या मोठं होणार आहे, त्याला शाळेत जायचं आहे. झोळी दाखवा, वाहून गेलेला साकव दाखवा, बंद उपकेंद्राचं कुलूप दाखवा, त्यावर तारीख आणि पाड्याचं नाव लिहा. असा फोटो यंत्र अडवत नाही आणि अधिकाऱ्यालाही तो टाळता येत नाही.

आवाजाचाही नियम आहे. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी जव्हारचं तारपा हे वाद्य पद्मश्रीपर्यंत नेलं. तारपा कुणा कंपनीच्या मालकीचा नाही, त्याच्या सुरावर हक्काचा दावा येण्याचं कारण नाही. तरी तारपानाचाचे व्हिडिओ मुके होतात, कारण मागे डीजेवर सिनेमाचं गाणं चालू असतं आणि यंत्र ते गाणं ओळखतं. शूटिंग करताना पाच मिनिटं डीजे बंद करायला सांगा. तारपा ऐकणाऱ्यालाही ते बरंच वाटेल.

कधीकधी दोष आपला नसतोच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. देखभालीचं काम चालू असताना कंपनीचं स्वतःचंच जाळं इंटरनेटपासून तुटलं होतं. त्या रात्री किती जणांनी ॲप काढून पुन्हा टाकलं असेल! ॲप काढू नका. त्यातला न गेलेला मसुदा पुसला जातो. आधी शेजाऱ्याला, शहरातल्या नातेवाइकाला विचारा की त्यांच्याकडे चालू आहे का.

आणि कितीही घाई असली तरी गुगलवर ‘फेसबुक कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. तिथे बसलेला माणूस ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप मागेल, आणि पोस्ट राहील बाजूला, बँकेतले पैसे जातील. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

इतकं सगळं करूनही जे एकेकट्याला सोडवता येत नाही, ते कोडं म्हणजे वर जाण्याचा वेग. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर उभा राहिला की सरकारी कागदावर गाव जोडलं जातं. पण त्या टॉवरवरून पाड्यातली बाई तिच्या पापडांचा फोटो पाठवू शकते का, हे कुणी मोजत नाही. ते आपण मोजू शकतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं ‘मायस्पीड’ हे ॲप मोफत आहे, त्यात अपलोडचा आकडा वेगळा दिसतो. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि दूरचा पाडा अशा चार ठिकाणी, सकाळ-संध्याकाळ तो मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतात, इथल्या ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. पुढच्या ग्रामसभेत ते आकडे वाचून दाखवा, अपलोडचा वेग सुधारण्याची मागणी ठरावात घाला. त्याची एक प्रत मोबाइल कंपनीला आणि एक पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या, आणि दोन्हींची पोच घ्यायला विसरू नका.